बस्ती गल्लीतला आड

संप करू नये असं मी म्हणत न्हाय. पोरं वर्षानुवर्षं कंत्राटावर राबली, गटारीत उतरली, फुटलेले पाइप जोडले, आन् आम्हाला कायम करा म्हटलं की वरनं एकच उत्तर, बघतो. मग बसली नगरपालिकेसमोर मांडव घालून. बसू दे. पण बसायला उन्हाळ्याचं तोंडच गावलं व्हय? आमच्या निपाणीत नळ तसाही रोज येत न्हाय. संप सुरू झाला आन् तो यायचाच बंद झाला. कचऱ्याची गाडी बंद, गटारी तुंबलेल्या, गल्लीच्या तोंडाला हा एवढा ढीग आन् त्यावर कुत्री. नाकाला पदर लावून बस्तीला जायचं, नाकाला पदर लावूनच परत यायचं. बस्ती म्हणजे आमचं जैन मंदिर. त्यावरनंच आमच्या गल्लीला बस्ती गल्ली म्हणतात.

मी त्रिशला. माझी पुण्याची भाची मला हसते, म्हणते मावशी, बाईमाणूस असून गेलो-आलो काय म्हणतीस. हसू दे. आमच्याकडं बाया गेलो-आलोच म्हणतात, आन् त्यानं आजवर कुणाला मिशी फुटलेली न्हाय.

घरात आम्ही तिघंच. मी, आमचे हे म्हणजे भूपाल, आन् सून क्षमा, ती मला आत्ती म्हणते. पोरगा अभिनंदन बेळगावात उद्यमबागेत एका फौंड्रीत सुपरवायझर हाय. पिरनवाडीत खोली घेऊन राहतो, रविवारी येतो. बाळ झालं की क्षमानंही तिकडं जायचं ठरलेलं. ते बाळ दिवाळीच्या अलीकडं पोटातच गेलं. सातवा सरत आलेला. दवाखान्यातनं आल्यावर मीच घरात बजावून ठेवलं, ह्या विषयावर कोणी काय बोलायचं न्हाय. बोललं की दुखणं ताजं राहतं असं माझं मत. दुपटी, टोपडी, सगळं गाठोडं बांधून मी त्याच आठवड्यात देऊन टाकलं. पोरगी काय म्हणाली न्हाय. पुढं तर बोलायचीच बंद झाली. काम सगळं करायची, विचारलं की व्हय-न्हाय करायची, आन् ताटात निम्मं तसंच ठेवून उठायची. आमची जेवणं सूर्य मावळायच्या आत होतात. मग उरलेली संध्याकाळ ती मागच्या दारात बसून काढायची. मी म्हटलं, होईल हळूहळू.

संपात टँकर एकदाच आला. त्या एका टँकरावर गल्लीतल्या बायकांनी एकमेकींच्या झिंज्या धरायच्या बाकी ठेवल्या. मग बाप्यांनी ठरवलं, आपला आड उघडायचा. गल्लीच्या टोकाला, तंबाखूच्या जुन्या वखारीच्या भिंतीला लागून आमचा आड हाय. मी नवी नवरी होऊन आलो तेव्हा त्याचंच पाणी शेंदलंय. नळ आले, कोणी वापरेना, तेव्हा वर फरशी टाकून झाकला, एवढंच. कोणी आत पडलं, कोणी जीव दिला, असलं काय आमच्या आडाच्या नावावर न्हाय. म्हणून तर मला अजून कळत न्हाय.

पहारी लावून फरशी सरकवली. मला वाटलं होतं, घाण वास येईल. काय न्हाय. पाणी काचेसारखं स्वच्छ, खालचा दगड न् दगड दिसत होता. शेजारची मालुबाई सगळ्यांच्या आधी बादली घेऊन पुढं. तिला प्रत्येक गोष्टीत पहिला नंबर लागतो. तिनं बादली सोडली, दोर सरसर खाली गेला, बादली पाण्याला लागलेली आम्ही सगळ्यांनी बघितली. पण आवाज आला न्हाय. पाण्यावर बादली आपटली की आवाज यायला पायजे का न्हाय? मालुबाई म्हणाली, आड खोल हाय, आवाज खालीच जिरतो. आम्हाला तहान लागलेली. आम्ही म्हटलं, जिरतो तर जिरतो.

आता जैनांच्या घरातली एक रीत सांगायला पायजे. आम्ही पाणी गाळल्याशिवाय पीत न्हाय, हे सगळ्यांना ठाऊक हाय. पण गाळून झाल्यावर गाळण्यावर जे बारीक जीव राहतात, डोळ्याला दिसत न्हायत असले, त्यांचं काय करायचं? तर ते गाळणं थोड्या पाण्यात अलगद खळबळायचं आन् ते पाणी जिथनं आणलं तिथंच परत नेऊन सोडायचं. त्याला जिवाणी म्हणतात. ज्या आडातला जीव, त्याच आडात. दुसऱ्या पाण्यात सोडला तर मरतो. आन् वरनं ओतायची न्हाय, आपटून मरतो. त्यासाठी तांब्या वेगळा असतो, बुडाला बाहेरनं कडी असलेला. दोर कडीला बांधायचा आन् काठाच्या खाचेत अडकवायचा, म्हणजे तांब्या सरळ उभा खाली जातो. पाण्याला टेकला की दोर सैल पडून खाचेतनं सुटतो. मग वर ओढलं की तांब्या पालथा होतो आन् जिवाणी पाण्यात मिसळून जाते. पालथाच वर येतो.

नळ आल्यावर ही रीत मोडली. नळाची जिवाणी परत नेणार कुठं, पाइपात? मी माळ्यावरनं सासूबाईंचा तो तांब्या काढला, चिंचेनं घासला, आन् क्षमाला शिकवलं. खरं सांगतो, मला वाटलं होतं तोंड वाकडं करेल. आजकालच्या पोरी. पण तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. ज्याचं त्याला परत द्यायचं, असं हळूच स्वतःशीच म्हणाली. त्या दिवसापासनं सकाळची जिवाणी तिची.

आठवडा सरला असेल नसेल, पोरगी बदलली. ताट पुसून खायला लागली. केस नीट विंचरायला लागली. एकदा भाकरी थापता थापता गुणगुणत होती. मी ह्यांना म्हटलं, सगळ्या गावाला संप बाधला, आपल्या सुनेला मानवला. हे मोबाइलवर बातम्या बघत होते. म्हणाले, चांगलंच हाय की. मला एवढं बरं वाटलं की बस्तीत जाऊन मी जादा नारळ ठेवला.

मग मालुबाई आली. मालुबाई कधी सरळ बोलत न्हाय, फिरवून फिरवून येते. क्षमाला पाणी लई आवडतंय वाटतं, म्हणाली. कठड्याशी किती वेळ उभी असते, आम्ही पाणी भरून जातो, परत येतो, तरी तिथंच. मी तिला तोडून टाकलं, माझी सून जिवाणी सोडते, तुझ्यासारखी बादली आपटून पळत न्हाय. ती गेली. पण दुसऱ्या दिवशी मी आपला वखारीच्या आडोशानं बघायला गेलो.

सकाळची उन्हं होती, गल्लीत माणसं होती. क्षमानं तांब्या सोडला. दोर गेला, गेला, थांबला. ती वाकून उभी राहिली, ओठ हलत होते. मग तिनं दोर ओढून घेतला. तांब्या वर आला तो सरळ. पालथा न्हाय, सरळ उभा, दोर काठाच्या खाचेत अडकवलेला. जसा खाली गेला तसाच. मी म्हटलं, हिला दोर सैल सोडायला जमलं न्हाय, जिवाणी तशीच परत आली. पुढं होऊन तांब्यात हात घातला. तांब्या रिकामा होता. आतनं कोरडा. पदरानं पुसून द्यावा तसा कोरडा.

सुटलेला दोर खाचेत परत अडकवायचा तर हात लागतो. तांब्या पुसायचा तर हात लागतो. 

घरी आल्यावर मी तिला समोर बसवून विचारलं. तिनं लपवलं न्हाय. उलट कधीपासनं कोणी विचारेल म्हणून वाटच बघत असल्यासारखी बोलली. तांब्या पाण्याला टेकला की खालनं कोणीतरी तो घेतं, म्हणाली. अलगद घेतं, आपण कुणाच्या हातातनं प्रसाद घेतो तसा. रिकामा करतं आन् परत देतं.

"आन् द्यायच्या आधी जरा दोर ओढतं, आत्ती," ती म्हणाली. "बारकं पोर पदर ओढतं तसं."

मी ओरडलो. काय वाटेल ते बोललो. अंधश्रद्धा, वेडेपणा, सगळं. ती ऐकत राहिली आन् शेवटी तांब्या उचलून जागेवर ठेवून आली. मी तिच्याकडं बघितलं तेव्हा तिच्या मनगटावर दोराचा वळ दिसला. लालभडक. दोराचं वरचं टोक ती हाताला गुंडाळून घेत होती.

आन् दोर वाढत होता. मालुबाईच्या दोराला ज्या गाठीवर पाणी लागायचं, त्याच गाठीवर रोज लागत होतं. पाणी खाली गेलेलं न्हवतं. पण आमच्या दोराला आधी धुण्याची निळी दोरी जोडलेली दिसली, मग एका जुन्या लुगड्याची चिंधी वळून जोडलेली. मी विचारलं, कशाला? तर म्हणाली, पुरत न्हाय आत्ती, आत ओढून घेतं. दोर पुरला न्हाय की ही वाकणार. रोज थोडी जास्त वाकणार. कठड्याचा दगड रुतून तिच्या पोटावर काळानिळा डाग पडला होता. तो मी बघितला आन् मला पुढचं सगळं दिसलं. एक दिवस ही पोरगी मला परत मिळायची न्हाय.

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, खाती-पिती झालीया, कशाला मोडता घालतीस. अभिनंदनला फोन लावला. तो म्हणाला रविवारी येतो, डॉक्टरला दाखवू. आमच्या घरातली सगळी शहाणी माणसं रविवारी येतात. मी तांब्या कपाटात घालून कुलूप लावलं. क्षमा भांडली न्हाय. दुपारी घरात दिसेना म्हणून धावत गेलो, तर आडाच्या कठड्यावर पोट टेकून, दोन्ही हात आत सोडून उभी. रिकामे हात, कोपराच्याही पुढपर्यंत आत. मी खांद्याला धरून उठवली तर माझ्याकडं बघून हसली. मी घरी येऊन कुलूप काढलं आन् तांब्या तिच्या पुढ्यात ठेवला. निदान मधी तांब्या असू दे म्हटलं.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात मी नगरपालिकेसमोरच्या मांडवात गेलो. आमच्या गल्लीचं पाणी सोडणारा मष्णू तिथं बसला होता. शिकल्यासवरल्या घरची बाई, मी त्याच्यापुढं हात जोडले, आमच्या एका गल्लीला तेवढं पाणी सोड म्हटलं. कारण काय सांगणार? घरात आजारी माणूस हाय म्हटलं. ते काय खोटं न्हवतं. मष्णू खाली बघत म्हणाला, आक्का, चावी माझ्याकडं हाय, पण आज फिरवली तर उद्या ह्या पोरांच्यात बसायला तोंड राहणार न्हाय. मी त्याला नाही नाही ते बोललो. त्यानं ऐकून घेतलं, आन् मिटलं की पहिलं पाणी तुमच्याच गल्लीला, एवढं कबूल केलं.

संप मिटला. काय मिळालं, काय न्हाय, मला तपशील ठाऊक न्हाय. गल्लीत पहिल्यांदा कचऱ्याची गाडी आली आन् लोक वरात बघायला यावं तसे दारात आले. ढीग उचलला, गटारी ओढल्या, ब्लीचिंग पावडर मारली. मष्णूनं शब्द पाळला. पहिलं पाणी आमच्या गल्लीला. नळांनी आधी नुसता वारा सोडला, मग गंजाचं लाल पाणी, मग स्वच्छ. घराघरातनं बादल्यांचा आवाज. मालुबाई तर रस्ता धुवायला लागली, काय म्हणायचं तिला. आमच्या मोरीत नळ वाहत होता आन् क्षमानं त्याखाली भांडं ठेवलं न्हाय. तिनं घागर उचलली आन् आडावर गेली.

गल्लीत आता आडाकडं जाणारी ती एकटीच उरली. बाकी कोणी बादली घेऊन जाईना, म्हणजे तिथं बघायलाही कोणी न्हाय. मी मष्णूला रस्त्यातच गाठलं, फरशी परत टाक म्हटलं, आजच्या आज. तो म्हणाला, वरनं ऑर्डर आलीच हाय, उघडे आड सगळे झाकायचेत. उद्या माणसं घेऊन येतो, आधी आत पावडर टाकतो, मग झाकतो.

"पावडर नको," मी म्हटलं.

"का, आक्का? आत जिवंत काय हाय?"

 जन्मभर पाणी गाळून प्यालेली बाई मी. मुंगीवर पाय पडला तर क्षमा मागणारी. मी एवढंच म्हटलं, आमच्यात चालत न्हाय. तो बरं म्हणाला, नुसतंच झाकतो. पण जाता जाता त्यानं आडाकडं बघितलं आन् पुढं गेला तो वखारीच्या बाजूनं न्हाय, पलीकडच्या कडेनं गेला.

घरी येऊन मी क्षमाला सरळ सांगितलं, उद्या आड बंद होणार. मला वाटलं, रडेल, आकांत करेल. ती म्हणाली, मग उद्याची जिवाणी सोडून येतो, शेवटची. तिचा आवाज इतका शांत होता की मी रात्रभर तिच्या खोलीच्या दाराशी अंथरूण टाकलं.

दुसऱ्या दिवशी मष्णू आला तोवर उन्हं डोक्यावर आली होती. बरोबर चार बाप्ये, पहारी. क्षमा आधीच तिथं. तांब्या भरलेला, दोराचं टोक मनगटाला गुंडाळलेलं, आन् ह्या वेळी नुसतं गुंडाळलेलं न्हाय, गाठ मारलेली. मी गाठ बघितली. दुसऱ्या कोणी बघितली न्हाय. मी ती गाठ सोडली. दातानं सोडली. ती हिसडा मारेल असं वाटलं होतं, तिनं हात तसाच पुढं धरून ठेवला.

"आज मी सोडतो," मी म्हटलं. "माझं वय जास्त. तू मागं हो."

ती मागं झाली. वखारीच्या भिंतीकडं तोंड करून, पदर डोळ्यांवर घेऊन उभी राहिली. म्हणाली, घेतलं की मला सांगा.

मी तांब्या सोडला. दोर हातातनं गेला. तांब्या पाण्याला टेकलेला मला वरनं दिसला, पाणी हललं न्हाय. दोर सैल पडायला पायजे होता, पडला न्हाय. ताठच राहिला. तांब्याचं वजन माझ्या हातातनं कोणीतरी अलगद काढून घेतलं. तिनं सांगितलं होतं अगदी तसं. माझ्या अंगावर काटा आला, पण त्याच क्षणी, काय सांगू, डोळ्यातनं पाणी पण आलं. मी वाट बघत राहिलो, आता ते बारकं ओढणं येईल म्हणून.

ओढ आली. ती पोराची न्हवती. पोर ओढतं, सोडतं, परत ओढतं. हे तसं न्हवतं. एका हातानं दोर घेतला, धरला. मग दुसरा हात त्याच्या पुढं. मग परत पहिला. दमानं, सवयीनं, घाई न करता. मी जन्मभर आडाचं पाणी शेंदलंय, मला ती चाल कळते. आपण वर उभं राहून खालचं पाणी शेंदतो, तसं खालनं कोणीतरी वरचं शेंदत होतं. तळहात सोलून दोर जात होता, आन् पाण्यात बघावं तर काही न्हाय. स्वच्छ पाणी, दगड न् दगड दिसतोय, आन् दोर सरळ ताठ त्या पाण्यात जाऊन संपलेला.

मी मष्णूला मानेनं खूण केली. त्यानं माझ्या हाताकडं बघितलं, दोराकडं बघितलं, आन् त्याचा चेहरा पांढरा पडला. पण गडी कामाचा. पहार लावली. चौघांनी फरशी ढकलली. दगडावर दगड घासल्याचा आवाज व्हायला लागला.

"घेतलं, आत्ती?" भिंतीकडनं क्षमानं विचारलं.

"घेतलं," मी म्हटलं. "लहान हाय गं. पदर ओढल्यासारखंच."

"मग?"

"सोडलं त्यानं. स्वतःहून सोडलं."

मी हे म्हणत होतो आन् दोर माझ्या हातातनं जातच होता. जुना दोर गेला, निळी दोरी गेली, लुगड्याची चिंधी गेली. टोक आलं तसं मी हात उघडला. टोक खाली पडायला पायजे होतं. ते पडलं न्हाय. फरशीच्या फटीतनं ते जरा जरा करत आत गेलं, एक हात, मग थांबून दुसरा हात. मग फरशी बसली. मष्णू फरशीवर हात टेकून वाकून उभा राहिला. मी क्षमाच्या दंडाला धरलं आन् मागं न बघता घरी घेऊन आलो.

मोरीत नळ चालू होता. तिनं तोंडावर पाणी मारलं. भांडं घेतलं, गाळणं लावलं, नळाचं पाणी गाळलं आन् उभ्यानंच प्याली. एक भांडं, परत एक भांडं. माझा जीव भांड्यात पडला. मी भिंतीला टेकून तिथंच मोरीच्या उंबऱ्यावर बसलो, सोललेले हात मांडीवर ठेवून. मनात म्हटलं, जिंकली त्रिशला. एका खोट्यानं काम झालं.

क्षमानं भांडं पालथं घातलं. माझ्याकडं पाठ होती तिची.

"आत्ती, ते लहान न्हवतं," ती म्हणाली. "मला पहिल्या दिवसापासनं म्हाईत होतं."

मला वाटलं, मी ऐकलंच न्हाय. मग विचारलं, मग जात का होतीस?

तिनं नळाखाली हात धरला, काढला.

"ते रोज माझी वाट बघायचं," म्हणाली. "हितं कोण बघतंय?"

रागानं म्हणाली असती तर मला बोलता आलं असतं. रागाला माझ्याकडं कायम उत्तर असतं. पण ती साधंच बोलली, मीठ संपलंय सांगावं तसं. आन् मी बसल्या जागी बघितलं, की ह्या पोरीचा हात मी आज पहिल्यांदा धरला होता. ते पण गाठ सोडायला. दवाखान्यातनं आली त्या दिवशी मी तिची पिशवी धरली होती. तिच्या आईला फोन मी केला, डॉक्टरांशी मी बोललो, गाठोडं मी बांधलं, घराला गप्प मी केलं. सगळं मी केलं. हिला एक शब्द विचारला न्हाय. माझ्या बोलण्याच्या भीतीनं बाकीच्यांनी पण विचारला न्हाय. आन् खाली त्या पाण्यात जे कोण होतं, त्यानं निदान हिच्या हातचं घेतलं होतं.

मला रडायला आलं, आन् मी रडलो. मग जे त्या दिवाळीपासनं माझ्या तोंडातनं निघालं न्हवतं ते विचारलं.

"बाळ कसं होतं गं? तुला दाखवलेलं न्हवं दवाखान्यात?"

ती वळली. माझ्याकडं बघत राहिली, मी खरंच विचारतोय का हे बघत. मग माझ्याजवळ उंबऱ्यावर येऊन बसली. गुडघ्याला गुडघा लागला.

"केस होते, आत्ती," म्हणाली. "लई केस होते. ओले. इथपर्यंत, कानावर आलेले."

ती सांगत राहिली. नाक कुणासारखं, बोटं कशी लांब, एक डोळा कसा जरा उघडा राहिलेला. बादली भरली, वाहायला लागली, मोरी भरून पाणी आमच्या पायाशी आलं. नळ बंद करायला आम्ही दोघीही उठलो न्हाय.